नावानिशी

"लवकर टोचा, अमायी. बाहेर बाकावर माझ्या नवऱ्याची आत्या बसलीय. तिला दिसत नाही नीट, पण ऐकू सगळं येतं."

एस्नात औषधांच्या कोठीत सलाईनच्या खोक्यावर बसली होती. झग्याची बाही गुंडाळून तिनं दंड पुढे केला. मी स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई दिली आणि बोळा दाबून धरला. तिसरी खेप. मार्च, जून, आणि आता सप्टेंबर.

"झालं. आता डिसेंबरपर्यंत बघायला नको."

"डिसेंबर गेला की जानेवारी," ती म्हणाली, "आणि जानेवारीत मी गेले."

हे मलावीतलं. आफ्रिकेच्या नकाशात लांबट, चिंचोळा, शेवग्याच्या शेंगेसारखा एक देश आहे, त्यातल्या एका गावाच्या दवाखान्यात मी वर्षभर सेवेसाठी गेले होते. पंधरा वर्षं झाली त्याला. मी नर्स नाही. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी मिशनच्या दवाखान्यात वीस वर्षं कंपाउंडर होते, सुया तिथंच द्यायला शिकले, आणि इंग्रजी शिकले औषधांच्या खोक्यांतले कागद वाचून. त्यामुळे माझ्या इंग्रजीत 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर' हे फार छान येतं आणि बाकीचं बेताचं. एस्नातचं इंग्रजी शाळेतलं. दोघींचं मिळून एक धड इंग्रजी व्हायचं. 'अमायी' म्हणजे आई किंवा बाई. तिकडे मोठ्या बाईला असंच म्हणतात.

एस्नात आमच्याकडे मदतनीस होती. वय अठ्ठावीस, तीन मुली, आणि पत्र्याच्या एका डब्यात जपून ठेवलेलं एक पत्र. जिल्ह्याच्या गावी नर्सिंगच्या शाळेत तिला जागा मिळाली होती. जानेवारीत हजर व्हायचं, तीन वर्षं तिथंच राहायचं. पोटुशी बाईला ती शाळा घेत नसे. आणि तिचा नवरा वायसन काचाले, तिथल्या प्राथमिक शाळेतला मास्तर, त्याला मुलगा हवा होता.

"त्यानं देवाशी करार केलाय," एस्नातनं मला पहिल्याच खेपेला सांगितलं होतं. "वर्ष संपेपर्यंत देवानं मूल दिलं तर मी घरी राहायचं. नाही दिलं तर देवाचीच मर्जी समजून तो मला पाठवणार. करार चांगला आहे, अमायी. फक्त देवाची सही नाही त्याच्यावर. माझी आहे." आणि तिनं दंड थोपटला होता.

इंजेक्शनच्या खोलीत बसणारी नर्स वायसनची बहीण लागायची, म्हणून पाळणा लांबवणाऱ्या सुईचा हा उद्योग कोठीत, रजिस्टरात न लिहिता. एस्नातला आणि मला सोडून तिसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

त्या शनिवारी मी बोळा फेकला आणि म्हटलं, "रक्त अजून जातंय ना तुझं?"

"एकोणीस दिवस झाले. जाऊ दे. विहीर मोठी आहे."

"थट्टा नको करूस. शरीराशी खेळतेयस. आणि देवाशीही. मूल म्हणजे त्याची देणगी असते, एस्नात. ज्यांना मिळत नाही त्यांना विचार."

तिनं बाही खाली ओढली आणि माझ्याकडे बघितलं. मग हसली. तिचं हसणं मोठं होतं, कोठीत मावत नसे.

"तुम्हाला विचारू? रागावू नका, अमायी. पण ज्या घरात चूल पेटली नाही त्यानं शेजारच्या धुराची तक्रार करू नये. घरी तुमची वाट बघणारं कुणी असतं तर आमची पोटं मोजायला इतक्या लांब आला असतात का तुम्ही?"

बोलण्यात विष नव्हतं. तिकडे बायका असंच बोलतात, तोंडावर, आणि मग तुमच्या ताटात वाढतात. तिनं माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "उद्या आमच्या चर्चला या. तुमच्याच पंथाचं आहे ते. नवा डॉक्टर आलाय, तुम्हाला सुट्टी आहे. पोरींचा बाप तुम्हाला सायकलवर घेऊन येईल. तुम्ही बोललात तर आमच्या भाषेत तोच सांगेल."

"येईन की," मी म्हटलं, आणि मीही हसले. मला हसता येतं.

*

रविवारी सकाळी काचाले सर सायकल घेऊन आले. शर्टाची वरची गुंडी लावलेली, पँटची एक मोहरी मोज्यात खोचलेली, आणि माझ्यासाठी कॅरिअरवर घडी केलेला टॉवेल. मी निळ्या काठाची पांढरी साडी नेसले होते, हातात रुमालात बांधलेलं आमचं मराठी पवित्र शास्त्र. सात महिने माझे रविवार दवाखान्यातच गेलेले. ओळखीच्या उपासनेत बसायचं म्हणून पहाटेपासून माझी लग्नघरासारखी लगबग चालली होती.

रस्ता तांबड्या धुळीचा, तासभराचा. उतारावर ते बोलायला लागले.

"एस्नात पहाटेच गेली. महिला संघाची पाळी होती झाडायची. ती नर्स चांगली होईल, नाही का, अमायी?"

"फार चांगली."

"मला ठाऊक आहे. मी तिला अडवत नाही. माझे वडील म्हातारे आहेत, त्यांना माझ्यामागे कुणी हवंय. म्हणून मी देवावर सोडलं. त्यानं मूल दिलं तर ते त्याचं उत्तर, नाही दिलं तर तेही त्याचंच." पुढे चढ आला तसे ते उतरले आणि मला बसवूनच सायकल ढकलायला लागले. "आतापर्यंत तो गप्प आहे. मला वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पण मी शब्द दिलाय."

मी त्यांच्या पाठीवर पसरत चाललेला घाम बघत होते. हा माणूस स्वतःच्या बायकोसाठी देवाशी सचोटीनं व्यवहार करतोय, आणि ती कोठीत बसून दंड पुढे करतेय. असा विचार माझ्या मनात आला. तो विचार मला फार धार्मिक वाटला.

चर्च विटांचं, वर पत्रे, बसायलाही विटांचेच कट्टे. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. आमच्या गावी असंच. मी आत गेले तसे सगळे वळून बघायला लागले. तिकडे हिंदुस्थानी म्हणजे कापडाचा नाहीतर सायकलच्या सामानाचा दुकानदार. हिंदुस्थानी बाई आणि तीही आपल्यातली, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. पहिल्या रांगांत महिला संघ होता, पांढरे झगे, काळे घागरे, डोक्याला पांढरे रुमाल. एस्नातनं तिसऱ्या रांगेतून मला बघून भुवया उडवल्या, झाली का हाडं खिळखिळी, अशा अर्थानं.

मग गीत सुरू झालं, आणि चाल आमचीच. आमच्याकडे पेटीवर दळण दळल्यासारखी म्हणतात तीच, इथे ढोलावर आणि टाळ्यांवर, सगळी मंडळी डुलत. मी मराठीत म्हणायला लागले. कुणाला काही वाटलं नाही. शेजारच्या म्हातारीनं माझा हात धरला आणि मला डुलवायला लागली. दुसऱ्या कडव्याला माझे डोळे वाहत होते. परक्या मुलखात आपला देव आपल्याच चालीत भेटला की माहेरचं कुणी स्टेशनवर घ्यायला आल्यासारखं होतं. ते पाच मिनिटांचं सुख खरं होतं. पुढं जे झालं त्यानं ते खोटं ठरत नाही, आणि हीच त्यातली वाईट गोष्ट आहे.

अर्पणात भोपळे आले, मक्याची कणसं आली, पाय बांधलेली एक कोंबडी आली. तिनं अख्ख्या उपदेशात अधूनमधून मत दिलं. उपदेश संपल्यावर अबूसा म्बेवे, म्हणजे तिथले पाळक, उंच, हाडकुळे, मिस्कील डोळ्यांचे, त्यांनी मला पुढे बोलावलं. काचाले सर शेजारी येऊन उभे राहिले. मी आमच्या मंडळीचा सलाम सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता आम्हाला तुमच्याकडचं काहीतरी द्या," अबूसा म्हणाले. "तुमच्या गावी प्रार्थना कशी करता, तशी इथे करा. आम्ही मागून म्हणू."

आमच्याकडे कशी करतात? आमच्याकडे आधी विनंत्या घेतात. कुणीही उठावं आणि सांगावं, कुणासाठी काय मागायचं ते. अमक्याच्या मुलीचं जमत नाही, तमक्याचा मुलगा पितो, फलाणीच्या छातीत गाठ आहे. आणि सगळं नावानिशी. नावाशिवाय विनंती म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट, आमच्या जुन्या पाळकबाई म्हणायच्या. अर्ध्या गावाच्या अर्ध्या गोष्टी गावाला अशाच कळतात. दुसरीकडे लोक चहाड्या नळावर करतात, आम्ही गुडघे टेकून करतो.

हे मी सांगितलं, शेवटचं वाक्य सोडून. काचाले सरांनी भाषांतर केलं. मास्तरांचा आवाज, स्वच्छ, शेवटच्या कट्ट्यापर्यंत जाणारा. लोकांना गंमत वाटली. तिथे आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी अशी घाऊक प्रार्थना असायची.

पहिली विनंती मी आमच्या चर्चच्या गळक्या छपरासाठी केली. दुसरी, नवा डॉक्टर मलेरियातून नुकताच उठला होता, त्याच्यासाठी. दोन्हींना मंडळीनं 'आमेन' म्हटलं.

तिथं थांबता आलं असतं.

"तिसरी विनंती," मी म्हणाले, "तुमच्यातल्याच एका बहिणीसाठी. ती माझ्याबरोबर काम करते."

सरांनी सांगितलं. डावीकडे एस्नातनं मान वर केली. चेहऱ्यावर कौतुकच होतं, आपलं काहीतरी चांगलं बोलतायत म्हणून.

"मूल होऊ नये म्हणून ती सुई घेते. सात महिने घेतेय. त्यानं तिचं रक्त जातं. देवानं तिला बरं करावं, आणि तिचं मन वळवावं."

सरांनी तेही सांगितलं, वाक्यामागून वाक्य. बायकांच्या बाजूला ज्वारीच्या शेतातून वारा जावा तशी एक कुजबुज गेली. एस्नातच्या चेहऱ्यावरचं कौतुक तसंच राहिलं, फक्त आतून माणूस निघून गेल्यासारखं. तिनं मान हलवून मला नको म्हटलं नाही. हात वर केला नाही.

काचाले सर माझ्याकडे वळले. मघाशी मीच सांगितलेला रिवाज ते पाळत होते. हळू आवाजात इंग्रजीत म्हणाले, "आणि नाव, अमायी?"

त्यांना अजून काही सुचलं नव्हतं. दवाखान्यात त्यांच्या मंडळीतल्या पाच बायका काम करत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर त्या अनोळखी बाईबद्दल काळजी होती.

मी म्हटलं, "एस्नात काचाले."

मला वाटलं, ते सांगणार नाहीत. ते बघतच राहिले माझ्याकडे. मग ते मंडळीकडे वळले आणि त्यांनी स्वतःच्या बायकोचं नाव घेतलं, त्याच आवाजात, शेवटच्या कट्ट्यापर्यंत.

अबूसांनी डोळे मिटले. तिकडे सगळे एकदम, मोठ्यानं, ज्याच्या त्याच्या शब्दांत प्रार्थना करतात. दोनशे माणसं एस्नातच्या कुशीसाठी देवाला हाका मारायला लागली. मनापासून. माझ्या शेजारची म्हातारी रडत होती.

उपासना संपली की तिथे हात मिळवायची रीत आहे. पहिला बाहेर येतो तो दाराशी उभा राहतो, दुसरा त्याला हात देऊन त्याच्या शेजारी, तिसरा दोघांना. अशी रांग लांबत जाते आणि प्रत्येकाचा हात प्रत्येकाच्या हातात पडतो. कुणाला चुकवता येत नाही. एस्नात रांगेनं येत होती. बायका तिचा हात दोन्ही हातांत धरून काही बोलत होत्या, काही पुरुष तिच्या डोक्यावरून बघत होते. नवऱ्याच्या आत्यानं तिचा हात घेतलाच नाही. ती माझ्यापाशी आली. तिचा हात गरम आणि कोरडा होता.

"झिकोमो, अमायी," ती म्हणाली. म्हणजे, आभारी आहे. आणि पुढच्या माणसाला हात दिला.

*

आता माझं सांगते, म्हणजे हे रिवाजाच्या घोळात झालं असं कुणाला वाटायला नको.

आमच्या मंडळीत अकरा वर्षं दर रविवारी एक विनंती ठरलेली असायची. 'हेमलताबाई पारधे यांची कूस उघडावी.' नावानिशी. मी चौथ्या बाकावर बसलेली असायचे, पलीकडे पुरुषांच्या बाजूला नवरा, प्रभाकर. नाव आलं की बाया मान वळवून माझ्या पोटाकडे बघायच्या, गेल्या रविवारपासून काही फरक पडलाय का ते. मग प्रार्थना. मग चहा. चहाला कुणी ना कुणी मेथीचे लाडू पुढे करायचं.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आम्ही पुण्याला जाऊन तपासून आलो होतो. माझ्यात दोष नव्हता. एस.टी.त प्रभाकर म्हणाला, "घरी नको सांगूस. मंडळीत तर नकोच. मी उभा राहू शकणार नाही तिथे." मी म्हटलं, नाही सांगणार. आणि नाही सांगितलं. अकरा वर्षं माझ्या नावानं मागितलं, मी खाली मान घालून आमेन म्हटलं. तो मेल्यावरही नाही सांगितलं. दोन वर्षांनी मलावीला जायचं निघालं तेव्हा पाळक म्हणाले, "हेमलताबाईंना मागे कुणी नाही, त्या मोकळ्या आहेत."

म्हणजे मला माहीत होतं. भर मंडळीत नाव घेतलं की बाईचं काय होतं, हे त्या चर्चमध्ये माझ्याइतकं नीट कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्याचं गुपित कसं राखायचं, त्याला किती ताकद लागते, हेही. नवऱ्याचं राखलं. तिचं त्या शनिवारनंतर एक दिवस राखवलं नाही, कारण ती एका गोष्टीवर हसली होती, आणि ती गोष्ट खरी होती.

*

सोमवारी एस्नात कामावर आली नाही. दवाखान्यात मला कुणी जाब विचारला नाही. रजिस्टरात काही लिहिलेलं नव्हतं; जे लिहिलेलं नाही ते झालेलं नाही, हा कायदा सगळ्या देशांत एकच आहे.

गुरुवारी ती आली, थेट कोठीत. दार लोटून घेतलं. मार वगैरेची काही खूण नव्हती. काचाले सर तसले नव्हते.

"काय म्हणाले सर?" मी विचारलं.

"ओरडला असता तर बरं. म्हणाला, देव गप्प नव्हता, तू त्याच्या तोंडावर हात ठेवला होतास. आता हात काढ. तो बोलेपर्यंत आपण थांबू. शाळेला पत्र लिहितोय, जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून."

"एस्नात, मी…"

"नको. ते नंतर. आधी माझं ऐका." ती खोक्यावर बसली नाही. "त्यानं पत्र अजून टाकलेलं नाही. मी त्याला सांगितलंय की ते खोटं आहे. अमायीला आमची तोंडं सारखीच दिसतात, नावात घोळ झाला. तो म्हणाला, मग तिनं तसं सांगावं. जिथं सांगितलं तिथंच. देवासमोर. तुम्ही रविवारी उभं राहा आणि म्हणा, एस्नात नव्हे, चुकून नाव आलं. एवढंच वाक्य. सुईची खूण राहत नाही, अमायी. तुमचा शब्द आहे नुसता."

"चर्चमध्ये खोटं बोलू?"

"तुम्ही तिथं खरं बोलून काय झालं ते बघितलंत ना?"

मी हो म्हटलं. तिनं मला दोनदा वदवून घेतलं, मुलाकडून परवचा म्हणून घ्यावा तसं. एस्नात नव्हे. चुकून नाव आलं.

रविवारी मी चालत गेले. सायकल आली नाही. गीत म्हटलं की नाही, आठवत नाही. अबूसांना आधी निरोप धाडला होता. त्यांनी बोलावलं, मी पुढे गेले. काचाले सर उठून शेजारी येऊन उभे राहिले. एस्नात सोडली तर दुसरं इंग्रजीवालं कुणी नव्हतं. आठवड्यात त्यांचे गाल आत गेले होते, पण वरची गुंडी लावलेली होती.

"मागच्या रविवारी माझी चूक झाली," मी म्हणाले. "एस्नात काचाले यांचं नाव मी चुकून घेतलं. ती बाई त्या नव्हेत."

आणि काचाले सरांचा चेहरा उजळला. मी ते बघितलंय. आठ दिवस खांद्यावर धोंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कुणीतरी 'ठेव खाली' म्हणावं तसा. त्यांनी भाषांतर केलं ते जवळजवळ गात. बायकांच्या बाजूनं कुणीतरी आनंदाचा चीत्कार काढला. एस्नात हलली नाही.

मग अबूसा म्बेवे उठले. चांगला माणूस, मिस्कील, कुणाचं वाईट न चिंतणारा. त्यांनी काहीतरी विचारलं, आणि लोकांनी माना डोलावल्या. काचाले सरांनी माझ्यासाठी इंग्रजीत सांगितलं, आनंदातच.

"अबूसा म्हणतात, आपण आठ दिवस चुकीच्या घरासाठी प्रार्थना केली. जिला गरज आहे ती बहीण तशीच राहिली. मग ती कोण, अमायी? नाव सांगा, आता तिच्यासाठी करू."

आज मला त्याची शंभर उत्तरं सुचतात. ती गाव सोडून गेली. ती दुसऱ्या चर्चला जाते. मला स्वप्न पडलं होतं. तेव्हा एक सुचलं नाही. माझ्या समोर दवाखान्यातल्या बाकीच्या चौघी बसल्या होत्या. स्वयंपाकीण लिझिनेत, फरशी पुसणारी तिची पुतणी, कपडे धुणाऱ्या दोघी बहिणी. माझी नजर जिच्यावर जाई ती आपली मान छातीत ओढून घेई. मी कुणाचं तरी नाव घेईन या भीतीनं. बायका माझ्याकडे तशा बघायला लागल्या होत्या, आठ दिवसांत.

मी एस्नातकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते, ती मला काही पढवत होती, काय ते कळेना.

काचाले सर पुन्हा म्हणाले, "अमायी?" या खेपेला आनंद नव्हता त्यात. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. तेवढं त्यांना पुरलं. माझ्या न बोलण्याचं त्यांनी भाषांतर केलं नाही; त्याची गरज नव्हती. ते आपल्या कट्ट्यावर जाऊन बसले, आणि मी उभीच होते.

पत्र सोमवारी गेलं.

*

जानेवारीत शाळेची जागा दुसऱ्या एका मुलीला मिळाली. एस्नात ऑक्टोबरपासून पुन्हा कामावर येत होती. माझ्याशी बोलायची, गोळ्या किती उरल्या, खोकी कुठं ठेवू, असं. हसायचीही, पण दुसऱ्यांच्या बोलण्यावर, आणि ते हसणं कोठीत मावायचं. एकदा मी तिला सुईचं विचारलं. डिसेंबर होता, मुदत संपत आली होती. म्हटलं, कुणाला कळणार नाही, देते.

ती म्हणाली, "तुम्हाला कळेल ना."

फेब्रुवारीत माझं वर्ष भरलं. दवाखान्यातल्या बायकांनी निरोपाला शेंगदाणे दिले, एक टोपली दिली. एस्नात माझी बॅग डोक्यावर घेऊन बस थांबते तिथपर्यंत आली. मी नको म्हटलं, तरी आली. रिवाज होता. पाऊस पडून गेला होता, रस्ता चिकट, दोघी जपून चालत होतो. महिना-दीड महिना झाला असावा तिला. चालताना कंबरेवर हात ठेवत होती. मी विचारलं नाही.

बस दिसली तेव्हा मी म्हटलं, "एस्नात, मला क्षमा कर म्हणत नाही. ते माझ्या तोंडात शोभत नाही. पण तुझ्यासाठी काही करता येण्यासारखं असेल, पैसे, पुस्तकं, पुन्हा अर्ज करायचा असला तर चिठ्ठी, काहीही, तर सांग."

तिनं बॅग खाली ठेवली. डोक्यावरची चुंबळ काढून झटकली, घडी केली.

"माझ्यासाठी प्रार्थना करू नका," ती म्हणाली. "कधीच. मनातसुद्धा. एवढं करता आलं तर करा."

मी हो म्हटलं. बसमध्ये चढले. तिनं बॅग आत ढकलली.

वर्ष होत आलं तेव्हा पत्र आलं. पाकिटावर काचाले सरांचं मास्तरी अक्षर. देवानं शेवटी उत्तर दिलं, त्यांनी लिहिलं होतं, मुलगी आहे, चौथी, आणि आम्ही ते उत्तर मान्य केलंय. बाळंतपण फार अवघड गेलं. एस्नात दोन महिने अंथरुणाला आहे, अंगात रक्त नाही, दूध नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते, बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. तुमची मंडळी नावानिशी मागते, ते मला फार आवडलं होतं, अमायी. माझ्या पत्नीसाठी तशी विनंती करा. मी तुमच्यावर राग धरलेला नाही.

मी ते पत्र शनिवारी रात्रभर उशाशी ठेवलं. रविवारी चौथ्या बाकावर जाऊन बसले. गीत झालं, वाचन झालं, पाळक पुढे आले आणि म्हणाले, विनंत्या असतील तर सांगा. साळवे मामांचा मोतीबिंदू झाला. बोर्डेंच्या सुनेची परीक्षा झाली. मग पाळकांनी माझ्याकडे बघितलं. परदेशी शिक्का असलेलं पत्र आल्याचं पोस्टमननं त्यांना सांगितलेलं असणार.

"हेमलताबाई, तुमच्या तिकडच्या कुणासाठी?"

सगळी मंडळी वळून बघत होती.

"काही नाही," मी म्हणाले.

त्यानंतर पत्र आलं नाही. मीही लिहून विचारलं नाही. कधी कधी पहाटे जाग येते आणि तिचं नाव जिभेवर आलेलं असतं. तसं झालं की मी उठते, दिवा लावते आणि गोधडीच्या घड्या घालायला लागते, ते मागं जाईपर्यंत.